‘टॅपर’ शब्दाचा अर्थ व मूळ

रबराच्या लागवडीवरील इंग्रजी पुस्तकांत ‘टॅपर’ हा शब्द पानोपानीं आढळतो. कोशांत पाहावें तर ‘हळूच ठोकणारा’ असा अर्थ मिळतो व वाचक घोटाळ्यांत पडतो. कारण रबराच्या झाडास कोणी ठोकीत नाहीं. खरी गोष्ट अशी कीं, इंग्रजींत ‘टॅप’ हे दोन निरनिराळे शब्द असून उच्चारानें मात्र ते एक झाले आहेत.

पहिला शब्द जुन्या इंग्रजींतील. त्याचा अर्थ पिंपाच्या भोंकांत बसविण्याची खुंटी. ती काढून मद्य देणारा तो टॅपर, म्हणजे गुत्तेवाला. सोटमुळास इंग्रजींत ‘टॅपरूट’ म्हणतात, तेंही त्याच्या खुंटीसारख्या निमुळत्या आकारावरूनच. दुसऱ्या शब्दाचा अर्थ हलकेच थाप मारणें; तो फ्रेंचांतून आला असावा, किंवा केवळ आवाजावरून बनला असावा. आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारून नादावरून तडा ओळखणारा इसम हा या जातीचा टॅपर.

रबराचा टॅपर पहिल्या कुळांतील. परंतु त्याच्या हातीं खुंटी नसून सुरी असते. चीक वाहणाऱ्या नलिका सालींत असतात आणि सालीच्या लगेच आंत खोडाची वाढ करणारा नाजूक थर असतो. त्यास सुरी लागली कीं नवी साल गांठाळ येते व पुढें तेथें नीट छेद देतां येत नाहीं. झाड छेद देण्याजोगें होण्यास सुमारें सात वर्षें लागतात; अडाणी हात तें थोड्याच दिवसांत बिघडवूं शकतो. सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख (१८८८ ते १९११) हेन्री रिडले यांनीं, तोच तिरपा छेद दर खेपेस सालीचा पातळ काप काढून ताजा करण्याची रीत रूढ केली. छेद डावीकडून उजवीकडे उतरता असतो, आणि काम पहाटे करतात. तेव्हां चिकाचा दाब अधिक असतो. दोडामार्गाकडील रबराच्या बागांतही हें पाहावयास मिळेल.

गंमत अशी कीं, माडावर हे दोन्ही शब्द एकत्र येतात. गोमंतकांतील रेंदेर पोय बांधून तिला प्रथम कित्येक दिवस हलकेच ठोकतो आणि मग शेंडा कापून रस उतरवितो. रबराविषयीं लिहितांना मात्र ‘ठोकणारा’ असें भाषांतर कोणीं करूं नये. ‘चीक काढणारा’ एवढें पुरे.