आवाजाची वाट आणि तिचा पहारा

कोलकात्यातील सियालदह येथे १८६९ साली स्थानकाची पक्की इमारत उभी राहिली. आज ते पूर्व रेल्वेच्या चार विभागांपैकी एकाचे मुख्य ठाणे आहे. अशा गजबजलेल्या स्थानकात आधी मार्ग ठरतो, सांधे फिरवून जखडले जातात आणि मगच सिग्नल पडून गाडी येते. ती गेल्यावर मार्ग पुन्हा मोकळा होतो. इंटरनेट-पद्धतीच्या दूरध्वनीचे रक्षण कसे करावे हे समजण्यास हा दृष्टांत उपयोगी पडतो.

जुन्या दूरध्वनी-केंद्राच्या एका ई-वन जोडणीत ३० संभाषणे मावतात. 'गेटवे' नावाचे यंत्र त्यांतील प्रत्येक आवाजाचे तुकडे करते, जी.७११ या रूढ पद्धतीत सामान्यतः २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदास ५० तुकडे एकेका दिशेस निघतात. मात्र तत्पूर्वी कोणी कोणाशी व कोठे बोलावयाचे याचा निरोप वेगळा जातो. यासच संकेतन म्हणतात. १९९६ चा एच.३२३, १९९९ चा एमजीसीपी, आणि त्याच वर्षी निघून २००२ मध्ये सुधारलेला सिप, हे त्याचे प्रमुख नियमसंच होत.

फायरवॉल हा या जाळ्याचा द्वारपाल. संकेतनाची दारे त्यास ठाऊक असतात: सिपचे ५०६०, एमजीसीपी गेटवेचे २४२७. आवाजाचे दार मात्र दर संभाषणास नवे ठरते, व त्याचा क्रमांक निरोपाच्या पोटात असतो. केवळ लिफाफा पाहणाऱ्यास तो कसा दिसावा? परिणामी घंटा वाजते, फोन उचलला जातो, आणि एकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकूच येत नाही. यावर हजारो दारे कायमची उघडी टाकण्याचा आळशी उपाय काही जण करतात. तो सगळे सांधे एकदम मोकळे सोडण्यासारखाच आहे.

संकेतनाची तपासणी चालू केली म्हणजे फायरवॉल निरोप उघडून वाचतो, तेवढेच दार त्या संभाषणापुरते उघडतो व ते संपताच मिटतो. आतील खाजगी पत्ता बाहेर बदलून जात असेल, तर निरोपातील पत्ताही तो बदलतो.

एमजीसीपीत अधिक सावधगिरी हवी, कारण तेथे गेटवे स्वतः काही ठरवीत नाही. 'कॉल एजंट' हुकूम देतो आणि तो पाळतो. तोतया एजंट मालकाच्या खर्चाने परदेशी फोन लावू शकेल. म्हणून कोणत्या गेटवेवर कोणत्या एजंटांचा अधिकार, याची गटवार यादी फायरवॉलला द्यावी लागते. गटातील एक एजंट बंद पडल्यास दुसरा हुकूम देतो. त्याचे नाव यादीत नसेल, तर ऐन अडचणीच्या वेळी दूरध्वनी मुका होतो.

कालमर्यादेकडेही लक्ष हवे. ती फार आखूड असल्यास, 'थांबा' म्हणून शांत ठेवलेल्या संभाषणाचे दार मध्येच मिटते. आणि संकेतन गुप्तलिपीत, म्हणजे सामान्यतः ५०६१ या दाराने जात असेल, तर फायरवॉलला त्यातील काहीच वाचता येत नाही. तेथे गुप्तलिपी उलगडून पुन्हा बांधणारे निराळे सीमायंत्र बसवावे लागते.