कुठला किलो काढायचा?

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर म्हटलं की साखर आठवते आणि साखर कारखान्यांची यंत्रं. त्याच गावात वालचंदनगर इंडस्ट्रीजने इस्रोसाठी अग्निबाणांची कवचंही घडवली आहेत. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच 2.8 मीटर व्यासाचं असतं आणि त्याच्या पोटात सुमारे 139 टन घन इंधन मावतं. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 ज्या एलव्हीएम-3वर बसून निघालं, त्याच्या एस-200 बूस्टरचे 3.2 मीटर व्यासाचे भागही इथले. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1940 साली बंगळूरला विमानांचा आणि 1944 साली मुंबईत प्रीमियर मोटारींचा उद्योग उभारला होता. त्यांच्या नावाच्या गावात असं काम व्हावं, यात नवल नाही.

या कवचांचं पोलाद मुद्दाम पाहण्यासारखं आहे. हलकं करायचं म्हणजे लोखंड काढून ॲल्युमिनियम बसवायचं, अशी आपली ढोबळ समजूत असते. इथे वापरतात ते मॅरेजिंग पोलाद. आकारमानाला ते साध्या पोलादापेक्षा हलकं नाही, कणभर जडच भरेल. पण ते साध्या पोलादाच्या सहा-सातपट ताण सोसतं, म्हणून भिंत पातळ ठेवता येते आणि वजन तिथे वाचतं. त्याच पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं कवच मात्र पोलादाचं नसून केवलारच्या धाग्यांचं आहे. कारण पहिला टप्पा लवकर गळून पडतो. तिथे वाचवलेल्या किलोतला थोडासाच अंश उपग्रहाच्या वाट्याला येतो. वरच्या टप्प्यांत तो अंश वाढत जातो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात वाचवलेला किलो पूर्णच्या पूर्ण मिळतो. त्यामुळे महागडं साहित्य वर आणि पोलाद खाली.

वालचंदनगरहून जंक्शनला येऊन लासुर्णे, भवानीनगर करत बारामतीकडे निघालं की वाटेत गॅरेजं लागतात. जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स 100 पार उघडून तिची नवी गाडी बांधणं, हा उद्योग आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. कुणाला कॅफे रेसर हवी असते, कुणाला बॉबर, कुणाला नुसतं ‘सगळं काढून टाका’. गाडी हलकी करायचीय, असं प्रत्येक जण म्हणतो. पण कुठला किलो काढला तर काय मिळेल आणि तो किलो आजवर कोणतं काम करत होता, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

या पट्ट्यात मोटारसायकल आली ती ओझं वाहायला. एस्कॉर्ट्सची राजदूत 175 ही पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. दूधवाल्यांनी तिला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे संघाच्या केंद्रावर पळवलं. चाळीस लिटरच्या एका कॅनमधलं नुसतं दूध 41 किलो भरतं. दोन कॅनचे 82, वर कॅनचं पोलाद आणि चालवणारा. तिचं जाड कॅरियर, पत्र्याचे खोल मडगार्ड, कडक शॉकॲब्सॉर्बर या सगळ्यांमागे ते ओझं आहे. बुलेटची गोष्ट थोडी वेगळी. 1955 साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली ती मुख्यतः लष्कराच्या मागणीमुळे, आणि गावात ती आली ती फौजदार, बागायतदार आणि पुढाऱ्यांच्या बुडाखाली. तिथे जडपणा हा दोष नव्हताच. आजही बुलेट स्टँडवर चढवताना दोन माणसं लागली, तर मालकाची मान वर होते.

आणि तरीही बुलेटचं मूळ हलक्या गाडीत आहे. फेब्रुवारी 1948मध्ये इंग्लंडमधल्या कोल्मोर कप ट्रायलमध्ये तिचे नमुने उतरले, तेव्हा मागच्या चाकाला झुलता फोर्क आणि तेलाचे शॉकॲब्सॉर्बर ही नवलाई होती. ट्रायल म्हणजे दगडधोंड्यांतून, ओढ्यातून पाय न टेकता जाण्याची स्पर्धा. तिथे फालतू किलो परवडत नाही. त्याच रॉयल एनफिल्डने दुसऱ्या महायुद्धात 125 सीसीची ‘फ्लाइंग फ्ली’ बनवली होती, साठ किलोच्या आतली, लोखंडी पिंजऱ्यात घालून पॅराशूटने खाली सोडायची.

आता आकडे. ओतीव लोखंडी इंजिनची 346 सीसीची बुलेट 18 अश्वशक्तीची आणि साधारण 165 किलोची. चालवणारा 75 किलोचा धरला तर 240 किलो. यातले 20 किलो उतरवले तर तेच इंजिन 220 किलो ओढतं, म्हणजे 18चे जवळजवळ 19.6 अश्वशक्ती झाल्यासारखं. इंजिनमधून ही दीड अश्वशक्ती काढायची तर पिस्टन, कार्ब्युरेटर, कॅम सगळ्यांना हात लावावा लागेल आणि इंजिन तापेल ते वेगळंच. शिवाय वजन उतरल्याचा फायदा ब्रेक लावताना आणि वळणावरही मिळतो. जुन्या बुलेटच्या पुढच्या सात इंची आणि मागच्या सहा इंची ड्रमला ब्रेक म्हणायचं की विनंती, हा वादाचा विषय आहे. माझ्या मते जुनी गाडी हलकी करण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण हे ड्रम आहेत, पिकअप नव्हे.

हे 20 किलो आणायचे कुठून? लेगगार्ड, कॅरियर, मोठा टूलबॉक्स, जाड सीट आणि मेन स्टँड यांतून बरेचसे येतात. लेड-ॲसिडची 14 अँपियर-अवर बॅटरी चार-साडेचार किलोची. लिथियम आयर्न फॉस्फेटची दीड किलोच्या आत बसते, फक्त चार्जिंगचा रेग्युलेटर तिला मानवणारा हवा. पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या जवळ. साडेतेरा लिटरची भरलेली टाकी दहा किलोचं पेट्रोल घेऊन फिरते, आणि टाकी उंचावर असते. रविवारी भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पाहून परत यायला तेवढं लागत नाही.

पत्र्याचा हिशेब थोडा फसवा आहे. एक मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरभर पोलादी पत्रा 7.85 किलोचा, ॲल्युमिनियमचा 2.7 किलोचा. तिप्पट फायदा, असं वाटतं. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही तिसऱ्या हिश्श्याचाच. पत्रा तितकाच ताठ हवा तर जाडी 1.44 मिलिमीटर घ्यावी लागते आणि वजन 3.9 किलोवर जातं. म्हणजे खरा फायदा निम्मा. शिवाय ॲल्युमिनियम थरथरीने थकतं: पोलादाला ठरावीक मर्यादेखालचे हादरे वर्षानुवर्षं पचतात, ॲल्युमिनियमला तशी पक्की मर्यादा नाही. बुलेटच्या एकसिलेंडरी धडधडीत घरगुती ॲल्युमिनियमचं मडगार्ड नटाच्या भोकापाशी चिरतं ते यामुळे. भोकांचंही असंच. ब्रॅकेटला ड्रिलने चाळणी करण्याची हौस शर्यतीच्या गाड्या पाहून येते. पण ताणाखालच्या पट्टीत गोल भोक पाडलं की त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. ग्रॅमभर लोखंड वाचवून तिप्पट ताण विकत घ्यायचा.

सगळ्यात दुर्लक्षित किलो चाकात असतो. रिम आणि टायर पुढे तर जातातच, शिवाय फिरतात; त्यामुळे वेग घेताना घेराजवळचा एक किलो दोन किलोंइतकी शक्ती खातो. आणि तो शॉकॲब्सॉर्बरच्या खाली असल्यामुळे खड्ड्यात चाक जितकं जड तितकं ते जमिनीवर टेकून राहायला नाखूश. पोलादी रिमच्या जागी चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियमची स्पोकवाली रिम घातली, तर दोन चाकांत मिळून वाचलेले तीन-चार किलो हँडलवर लगेच कळतात. तेवढेच सीटखाली वाचवले तर पत्ताही लागत नाही. अग्निबाणातल्या तिसऱ्या टप्प्याची जागा मोटारसायकलमध्ये चाकाला आहे. गॅरेजमध्ये मात्र बहुतेकांचे पैसे जातात ते नेमके उलट दिशेने: बुलेटला रुंद, जाड, जड टायर.

काही किलो काढू नयेत. बुलेटचं जड फ्लायव्हील कातून हलकं केलं की इंजिन चटकन चढतं खरं, पण उसाच्या ट्रॉलीमागे टॉपमध्ये रेंगाळण्याची तिची ऐपत जाते. पुढचं मडगार्ड काढणारे विसरतात, की त्याची पट्टी फोर्कच्या दोन्ही पायांना एकमेकांशी बांधून ठेवते. आणि पहिल्या पावसात काळ्या रानातला चिखल थेट तोंडावर आला की ते आठवतं. चॅसिसची शेपटी ग्राइंडरने कापून तिथे गोल वळण वेल्ड करण्याची फॅशन तर धोक्याचीच. वेल्डच्या कडेचा तापलेला पट्टा नळीतला सगळ्यात कच्चा भाग होतो, आणि शॉकॲब्सॉर्बरची वरची जोडणी तिथून फार लांब नसते. कापायचंच असेल तर आतून नळीचा तुकडा घालून, सरावलेल्या हाताने.

मोजण्याची सोय गावोगाव आहे. कारखान्याचा वजनकाटा उसाच्या ट्रकसाठी, त्यावर मोटारसायकल हरवून जाते. आडतीवरचा प्लॅटफॉर्म काटा बरा. पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर; मग उलट. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचं वजन, आणि कुठल्या चाकावर किती भार आहे तेही कळतं. काम सुरू करण्याआधी आणि नंतर हे केलं तर निम्मे भ्रम तिथेच उतरतात. मागून दहा किलो काढले आणि दूधवाल्याच्या काळातल्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या, तर गाडी हलकी होऊन वर उड्या मारते. नव्या वजनाला साजेशी स्प्रिंग हा याच कामाचा भाग आहे, पण तो फोटोत दिसत नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. आपे रिक्षांनंतर 2012पासून तिथे व्हेस्पा बनू लागली. मूळची व्हेस्पा 1946ची आणि तिचा आराखडा करणारा कोर्राडिनो द’अस्कानिओ हेलिकॉप्टरवाला. त्याने नळ्यांची चॅसिस ठेवलीच नाही. दाबून घडवलेला पत्राच सांगाडा केला. जो भाग झाकतो त्यालाच भारही उचलायला लावायचा, ही विमानाकडून आलेली युक्ती. त्याच कारखान्यातून आता एप्रिलिया आरएस 457 निघते: ॲल्युमिनियमची फ्रेम, 35 किलोवॅट, पेट्रोलसकट 175 किलो. 35ला 175ने भागलं की बरोबर 0.2. युरोपात ए-2 परवान्यासाठी कमाल 35 किलोवॅट आणि किलोमागे कमाल 0.2 किलोवॅट अशी अट आहे. तेव्हा हा आकडा योगायोगाचा नसावा. याहून हलकी झाली असती तर ती त्या परवान्याच्या बाहेर गेली असती. रॉयल एनफिल्डची 2021ची क्लासिक 350 मात्र 195 किलोंची, 20.2 अश्वशक्तीची. डिस्क ब्रेक, एबीएस, सेल्फ स्टार्टर, धडधड कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट, धूर गाळणारा कन्व्हर्टर यांनी जुन्या बुलेटवर तीसेक किलो चढवले. त्यातला कुठलाही किलो उगाच आलेला नाही.

कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सुटे भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. केंद्रीय नियम 123प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं साडीगार्ड लागतं. बॉबर बांधताना पहिल्या तासाला या तिन्ही वस्तू भंगारात जातात. एमएच-42ची पाटी असलेली पंधरा वर्षांपुढची गाडी फेरनोंदणीसाठी बारामतीच्या आरटीओत न्यायची वेळ आली, की त्या परत शोधाव्या लागतात.

यात 2021च्या जुलैत आणखी एक पेच आला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी विंटेज नोंदणी सुरू झाली. शुल्क 20,000 रुपये, नूतनीकरणाचे 5,000. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चॅसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची बुलेट किंवा जावा आता या दारात उभी आहे. जे भाग नटबोल्टने निघतात ते परत बसतात. कापलेली शेपटी परत बसत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी खोल मडगार्ड आणि जुना टूलबॉक्स शोधत फिरणाऱ्यांत असे मालक भेटतात, ज्यांनी तेच भाग कधीकाळी किलोच्या भावाने भंगारवाल्याला दिले होते. भंगारवाल्याचा आणि जुन्या बाजारातला भाव यांत आता फार अंतर पडलंय.