मनगटावरची पायवाट

गडाची वाट धरून दहा मिनिटं होत नाहीत तोच पाच वर्षांचं मूल विचारतं, "अजून किती चालायचं?" चॉकलेटची लाच पहिल्या टेपाडापर्यंत पुरते. त्यापुढे कामाला येते ती रुंद चिकटपट्टी.

पट्टीची चिकट बाजू वर ठेवायची आणि ती मुलाच्या मनगटाभोवती सैलसर गुंडाळायची. झालं कडं! आता वाटेवर पडलेलं जे जे बारीक सापडेल ते त्यावर चिकटत जातं. हिवाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर किंजळीची तांबूस, पंखवाली फळं मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये काटेसावरीच्या कापसाचे पुंजके उडत येतात. एखादं वाळलेलं फूल, गवताचा तुरा, सालीचा तुकडा. मुलाचं लक्ष किती चाललो यावरून उडून पुढे काय सापडेल याकडे जातं, आणि मोठ्यांनाही एरवी पायाखाली तुडवलं जाणारं दिसू लागतं.

पडलेलंच उचलायचं, तोडायचं काही नाही, एवढं मात्र निघतानाच ठरलेलं बरं. पावसाळ्यात वाऱ्याने गळलेलं सागाचं कोवळं पान मिळालं तर ते तळहातावर चोळावं. हात लाल होतो. ही मेंदी एकाही दुकानात मिळत नाही.

कर्नाळ्यासारख्या ठिकाणी तर पडलेलंही सोबत नेता येत नाही. पनवेलजवळचा हा किल्ला पक्षी अभयारण्यात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही. मग तिथे कागद आणि मेणखडू न्यावेत. पडलेलं पान सपाट दगडावर उलटं, म्हणजे शिरांची बाजू वर करून ठेवायचं, वर पातळ कागद धरायचा आणि खडू आडवा करून हलक्या हाताने घासायचा. आधी मधली शीर उमटते, मग फाटे, मग कडेची नक्षी. पान जागच्या जागी राहतं, छाप घरी येतो. खरं तर अभयारण्याबाहेरही हाच खेळ जास्त छान. घरी आणलेल्या गोळा-सामानाचं आठवड्याभरात काय होतं हे प्रत्येक आईला ठाऊक असतं.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहायचं. खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी, मखमली लव मुलांना बोलावते आणि अंगाला लागली की जीव नकोसा करते. अशा वेळी चोळायचं नाही. तीच चिकटपट्टी हलकेच लावून काढली की बरीच कुसं निघून येतात, मग पाण्याने धुवावं. दुसरी गुंज. लाल-काळी, सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या वजनाला वापरलेली, पण चावली गेली तर अतिशय विषारी. सगळं तोंडात घालणाऱ्या वयाच्या हाती ती देऊच नये.

घरी करायचं एक काम म्हणजे पिंपळपानाची जाळी. वहीत ठेवून ती होते असं अनेकांना वाटतं, पण वहीत पान नुसतं वाळतं. ते पाण्यात बुडवून दोन-चार आठवडे कुजू द्यावं लागतं. मध्ये पाणी बदलायचं, कारण वास असा सुटतो की बरणी स्वयंपाकघरातून थेट गॅलरीत जाते. मग मऊ टूथब्रशने गर हळूहळू सोडवायचा. पहिलं पान बहुधा फाटतं. म्हणून तीन-चार तरी भिजत घालावीत.