कोकणातील पेठा : खाडीच्या टोकापासून रस्त्याच्या फाट्यापर्यंत

वेळणेश्वरच्या बागायतदाराने आपला नारळ, सुपारी आणि आमसूल कोठे विकावे, हे पूर्वी बरेचसे खाडीच्या पाण्याने ठरविले होते. देशावर आठवडी बाजारांचे जाळे दाट होते. कोकणात मात्र मोठ्या पेठा वसल्या त्या खाडीच्या वरच्या टोकाला. भरतीच्या पाण्यावर मचवा जेथवर जाई आणि जेथून पुढे माल बैलाच्या पाठीवर लादावा लागे, तेथे वखारी, दुकाने आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. वाशिष्ठीवरील चिपळूण, शास्त्री नदीवरील संगमेश्वर, अर्जुना नदीवरील राजापूर, वाघोटन खाडीवरील खारेपाटण आणि सावित्रीवरील महाड ही अशी ठिकाणे होत. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली होती. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, यावरून त्या पेठेची श्रीमंती ध्यानात यावी.

कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडचा गूळ, कापूस व धान्य चिपळूणला उतरे आणि मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर चढे. चिपळूणचा धक्का गोवळकोटला. खाडीच्या मुखाशी असलेल्या दाभोळने त्याआधी बहामनी काळात दूरदेशीचा व्यापार पाहिला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज आरमाराने ते शहर जाळले.

या व्यापाराला एक मोठी अडचण होती. पावसाळ्यात समुद्र बंद. साहजिकच आगोटीपूर्वी घरात धान्य, मीठ, तेल यांची बेगमी करावी लागे. हातात पैसा नसेल तर ती उधारीवर होई आणि नारळी पौर्णिमेनंतर माल त्याच दुकानदाराकडे जाई. भाव ठरविणारा एकच गिऱ्हाईक असला की शेतकऱ्याचे नुकसान होते. दुष्टपणाची त्याला गरज नसते!

इतर देशांतही हे चित्र थोड्याफार फरकाने दिसते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांनी १९६४-६५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील खेड्यांविषयी लिहिले. सरासरी अठराएक खेड्यांना एक बाजारगाव, दहा दिवसांत तीनदा बाजार, आणि उधारी, सोयरीक व देवस्थान हेदेखील त्याच बाजारक्षेत्रात. तेथील शेतकऱ्याला मात्र एक सवलत होती. शेजारच्या बाजारगावाचे वार वेगळे असत, त्यामुळे दुसरा भाव विचारणे शक्य होई.

आपल्याकडे खाड्या गाळाने भरत गेल्या आणि मोटाररस्ते आले. मुंबई-गोवा महामार्ग चिपळूण, संगमेश्वर, राजापूरजवळूनच गेला, कारण नदीवर पूल बांधायला सोयीची जागाही खाडीच्या वरच्या अरुंद भागातच. त्यामुळे त्या पेठा तगल्या. मुखाजवळच्या बंदरांची कळा गेली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तरी किनाऱ्याच्या गावांना ती लांबच. आमच्या गुहागर तालुक्यात आता चिपळूण रस्त्यावरील शृंगारतळी ही पेठ गजबजलेली दिसते. तेथे ना खाडी, ना बंदर. रस्त्याने ती पेठ वाढविली.

याचा बागायतदाराने काय उपयोग करावा? दारात येणाऱ्या एकाच व्यापाऱ्याला सबंध बाग देण्यापूर्वी शृंगारतळी आणि चिपळूण या दोन्ही ठिकाणचे त्याच दिवसाचे भाव विचारावेत. गाडीभाडे व हमाली वजा करूनच तुलना करावी, नाहीतर वरचा भाव फसवा ठरतो. एकट्याच्या दोन पोत्यांना हे भाडे परवडत नाही. वाडीतील चार-सहा घरांचा माल एका टेम्पोत घातल्यास परवडते. टिकाऊ माल हाती असेल तर थांबता येते. पूर्ण वाळवलेली सुपारी काही महिने राहते. पक्व नारळ सोलण्याची घाई करू नये, सोडणासहित तो जास्त टिकतो. कोकमाची साले मात्र पावसापूर्वी रसाची पुटे देऊन खडखडीत वाळवावीत. ओलसर आमसुलाला बुरशी येते व असा माल कोणत्याच पेठेत चालत नाही.