हमीभावातला ‘खर्च’ म्हणजे नेमका कोणता?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी आज सोयाबीनच्या भावावर बोलणार आहोत, कारण शब्दाचा अर्थ काय, हे विचारणं आमच्या विषयातच येतं. आणि या भावाचा सगळा वाद एका शब्दावर उभा आहे.

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. आपल्या परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन येत होतं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजार त्याच्याही खाली. प्रचारात सत्ताधारी बाजू ६,००० म्हणाली, विरोधी बाजू ७,०००. पारावर चर्चा झाली ती सहा की सात एवढीच. मुळात ४,८९२ आले कुठून?

हिशेब सोपा आहे. सरकारने त्या हंगामासाठी उत्पादन खर्च धरला ३,२६१ रुपये. त्याची दीडपट केली की ४,८९२ येतात. म्हणजे ‘दीडपट भाव दिला’ हे गणित बरोबर आहे. मग शेतकरी संघटना ‘दिला नाही’ का म्हणतात? कारण ‘खर्च’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत.

पहिल्यात बियाणं, खत, फवारणी, मजुरी, डिझेल असा हातचा खर्च येतो, आणि घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत. याला ‘ए-टू अधिक एफ-एल’ म्हणतात. दुसरा ‘सी-टू’. त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याजही धरतात. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये खर्चावर किमान ५० टक्के जास्त भाव सुचवला. संघटनांची मागणी सी-टूवर दीडपटीची. सरकार पहिल्या खर्चावर देतं.

आता बघा, स्वतःच्या जमिनीचं भाडं हा खर्च आहे का? एक बाजू म्हणते, आहे. तीच जमीन ठोक्यानं दिली असती तर पैसे आलेच असते. दुसरी म्हणते, हमीभावात भाडं धरलं तर त्याचा भार शेवटी खाणाऱ्यावर किंवा सरकारी तिजोरीवर येईल. तज्ज्ञ दोन्ही आकडे काढून देतील. पण कोणता धरणं न्याय्य, हे त्यांच्या गणितातून निघत नाही. ते तुम्ही-आम्ही ठरवायचं असतं. म्हणून ‘अर्थशास्त्र आपलं काम नाही’ असं म्हणून चालत नाही. आपण सोडलं तर आपल्या वतीने दुसरं कुणीतरी ठरवतं.

दुसरा प्रश्न, पैसा कुणाच्या खिशातून? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या सोयाबीन तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. शुल्क वाढलं की सोयाबीनला आधार मिळतो आणि तेल महागतं. उतरलं की उलट. आपल्या जिल्ह्यात गंमत अशी, की सोयाबीन विकणारं घर आणि दुकानातून तेलाचा पुडा आणणारं घर बरेचदा एकच असतं. भाषणात मात्र एका वेळी एकच बाजू ऐकू येते.

तिसरा प्रश्न, प्रत्यक्ष खरेदी कोण, किती करणार? हमीभाव जाहीर होतो, पण केंद्रावर १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला माल नियमात बसत नाही. त्या निवडणुकीच्या तोंडावर ही मर्यादा १५ करावी लागली. सात हजार कागदावर आहेत आणि माल केंद्रावरून परत आला, तर त्या सात हजारांचा उपयोग काय?

अर्थशास्त्राची पदवी नको. खर्च कोणता, पैसा कुणाचा, खरेदी किती, एवढं विचारता आलं पाहिजे. आणि आपल्या आवडत्या पुढाऱ्याला आधी विचारा. नावडत्याला विचारणं सोपंच असतं. एक काम सांगतो. घरी वही घ्या, आपल्या एका एकराचा खर्च दोन्ही पद्धतींनी मांडा. मग सभेला जा.