घरगुती संगणकाची ओळख : लेखांक ९ – चारशे बारा फायली आणि एक लेखी हुकूम

गेल्या लेखांकात आपण पायथन ही भाषा यंत्रावर बसवून घेतली आणि तिच्याकडून दोन संख्यांची बेरीज करवून घेतली. जे काम वाण्याचा मुलगा बोटांवर करतो त्यासाठी यंत्राची एवढी आराधना कशाला, असा आक्षेप ज्यांच्या मनात आला असेल त्यांच्याशी माझा वाद नाही. एकच काम एकदाच सांगावयाचे असेल तर यंत्राला लेखी हुकूम देण्यात लाभ नसतो. तेच काम शेकडो वेळा, न कंटाळता करवून घ्यावयाचे असेल तेव्हाच ते श्रम वसूल होतात. असे एक काम गेल्या दिवाळीत माझ्या घरीच उपस्थित झाले, आणि त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे. कारण त्यात मी दोनदा चुकलो, आणि नवशिक्याला गुरूच्या यशापेक्षा त्याच्या चुकांचा तपशील अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

आमच्या माडीवर एका शिसवी पेटीत आजोबांच्या किराणा दुकानाच्या कीर्द-खतावणीच्या वह्या वर्षानुवर्षे पडून होत्या. वाळवीने त्यांचा समाचार घेण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत, असे ठरले आणि माझ्या भाचीने सुटीचे दोन दिवस खर्ची घालून, आपल्या वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याने पानामागून पान टिपले. कॅमेऱ्याने दोन फोल्डरे केली होती, ती तिने माझ्या संगणकावर एकत्र ओतली आणि जाताना म्हणाली, ‘‘मामा, चारशे बारा आहेत, मी मोजलेत. नावं आता तूच दे.’’ तिने मोजले नसते तर पुढे काय झाले असते ते वाचकांस लवकरच कळेल.

आता कॅमेरा आपण होऊन जी नावे देतो ती कशी असतात पाहा. आरंभी चार अक्षरे, पुढे चार आकडे आणि मग टिंब देऊन प्रकार सांगणारी तीन अक्षरे. आठ अधिक तीन हे माप १९८१ साली बाजारात आलेल्या डॉसचे, आणि डॉसच्याही आधीच्या सीपीएमचे. त्या यंत्रणा केव्हाच निजधामास गेल्या, विंडोज ९५ ने लांब नावांना मुभा दिली त्यालाही कित्येक वर्षे लोटली, तरी कॅमेऱ्यांच्या दुनियेत तो जुना दंडक अद्याप रुजू आहे. आकड्यांना चारच घरे असल्यामुळे ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. आमच्या कॅमेऱ्याचा आकडा त्या दिवशी ९८७१ वर होता. म्हणजे पहिली १२९ पाने ९९९९ पर्यंत गेली आणि उरलेली २८३ पाने ०००१ पासून सुरू झाली. फोल्डर उघडून नावांच्या क्रमाने पाहावे तर खतावणीची अखेर आरंभी आणि पहिल्या वहीचा श्रीगणेशा शेवटून!

हाताने नावे द्यावीत तर प्रत्येक फाइलला अर्धा मिनिट धरला तरी साडेतीन तासांचे काम, आणि दोनशेव्या पानानंतर माणसाचे लक्ष कोठे असते हे ज्यांनी मतदारयाद्यांची कामे केली आहेत त्यांना सांगावयास नको. म्हणून लेखी हुकूम काढावयाचा. अशा लहानशा हुकुमासच स्क्रिप्ट म्हणतात.

परंतु हुकूम कोणावर बजावावयाचा हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. पडद्यावर जे पिवळ्या पाकिटाचे चित्र दिसते ती निव्वळ सोय आहे. १९८१ सालीच झेरॉक्स कंपनीच्या स्टार या यंत्राने कचेरीतील टेबल, कागद आणि फोल्डर यांची चित्रे बाजारात आणली आणि ती आपल्या डोळ्यांत कायमची बसली. वस्तुतः फोल्डर हे पाकीट नव्हे, ती एक नोंदवही आहे. सरकारी कचेरीतील बारनिशीचा कारकून जसा आवक कागदाचे नाव आणि त्याचा क्रमांक वहीत टिपतो आणि कागद मात्र भलत्याच कपाटात असतो, तसेच येथे असते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सचा पाया घातला त्या व्यवस्थेत आणि तिच्या वंशातील लिनक्समध्ये फोल्डरात खरोखर एवढेच लिहिलेले असते : हे नाव, हा क्रमांक. छायाचित्राच्या पोटात त्याचे नाव नसते. त्यामुळे नाव बदलणे म्हणजे वहीतील एक शब्द खोडून दुसरा लिहिणे होय. फाइल पाच केबीची असो की पाच जीबीची, वेळ तोच. चारशे नावे निमिषार्धात बदलतात ती यामुळेच, आणि चारशे नावांचा विचका निमिषार्धात होतो तोही यामुळेच.

माझा पहिला हुकूम साधा होता. फोल्डरातील ज्या ज्या फाइलचे नाव जेपीजी या तीन अक्षरांनी संपते ती ती हाती घे, असे सांगावयाचे, आणि त्यासाठी तारांकनाचे चिन्ह वापरतात. तारांकन, टिंब, जेपीजी असे लिहिले की तारांकनाच्या जागी काहीही चालेल, असा त्याचा अर्थ होतो. या पद्धतीला ग्लॉब म्हणतात. आरंभीच्या युनिक्समध्ये या नावाचा एक स्वतंत्र प्रोग्रॅमच होता, आणि ते ग्लोबल या शब्दाचे लघुरूप आहे. पायथनमध्ये पाथलिब ही लायब्ररी मागवून घेतली की हीच सोय एका ओळीत मिळते. मी ओळ लिहिली, हुकूम सोडला, आणि काहीच झाले नाही. तक्रार नाही, दोषाचा संदेश नाही, एकही नाव बदललेले नाही. कारण असे की कॅमेऱ्याने जेपीजी हे कॅपिटल अक्षरांत लिहिले होते आणि मी लहान अक्षरांत. विंडोज या भेदाकडे काणाडोळा करते, लिनक्स करीत नाही. माझ्या वर्णनात बसणाऱ्या फायली शून्य होत्या, आणि शून्य फायलींवर हुकुमाची बजावणी कारकुनाने इमानेइतबारे केली होती. असा कारकून मनुष्य असता तर, ‘‘रावसाहेब, या वर्णनाचा कागद दफ्तरात नाही,’’ एवढे तरी बोलला असता. यंत्र ते बोलत नाही. म्हणून किती फायली सापडल्या तो आकडा प्रथम छापून घ्यावा, अशी ओळ मी त्या दिवसापासून प्रत्येक स्क्रिप्टमध्ये घालू लागलो.

दुसरा हुकूम मात्र नुसता निष्फळ ठरला नाही, त्याने नुकसान केले. क्रम लावण्यासाठी मला वेळ हवी होती. डिस्कवर फाइलची जी तारीख दिसते ती नक्कल करताना बदलू शकते, तेव्हा तिचा दाखला ग्राह्य धरू नये. परंतु कॅमेरा छायाचित्राच्या आतच वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद लिहून ठेवतो. या नोंदीला एक्झिफ म्हणतात, आणि पिलो नावाच्या लायब्ररीने ती वाचता येते. मला वाटले, ही वेळ हेच नाव का देऊ नये? वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असे लिहिले की नावांचा क्रम हाच काळाचा क्रम होतो. एक्झिफमध्ये या आकड्यांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे असतात, आणि ती विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत; भाचीचा संगणक विंडोजचा, म्हणून त्या जागी आडव्या रेघा घालण्याची तजवीज मी केली आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूष झालो. हुकूम सुटला. क्षणार्धात सारी नावे तारखांची झाली, पाने यथाक्रम लागली. सहज मोजले. ४०९.

तीन फायली कोठे गेल्या? तीन ठिकाणी दोन दोन छायाचित्रे एकाच सेकंदात काढली गेली होती. दोघांचे नवे नाव एकच ठरले, आणि लिनक्सवर पायथनचा रीनेम हा हुकूम त्या नावाची फाइल आधीच असली तर न विचारता तिच्यावर दुसरी बसवितो. विंडोजवर तोच हुकूम अडून बसतो आणि दोष दाखवितो. यांत लिनक्सची पद्धत मला आजही असभ्य वाटते. पण नियम त्यांचे, यंत्र त्यांचे. कॅमेऱ्याचे कार्ड भाचीने पुसले नव्हते, तेवढे दैव बलवत्तर. त्यावरून ताडून पाहिले तेव्हा दिसले की तिन्ही ठिकाणी बटण दोनदा दाबले गेले होते, पाने तीच होती आणि गमावले असे काहीच नव्हते. तथापि हे मला कळले ते कार्ड होते म्हणून, आणि कार्ड धुंडाळण्याची गरज कळली ती भाचीने सांगितलेला चारशे बाराचा आकडा लक्षात होता म्हणून.

मग कार्डावरून साऱ्या फायली पुन्हा उतरवून घेतल्या आणि जो तिसरा मसुदा केला तो दहा-बारा ओळींचाच आहे, आणि मराठीत मांडला तर असा होईल. फोल्डरातील सर्व फायली घ्या. नावाचा शेवट लहान अक्षरांत करून पाहा आणि जेपीजी असेल तर यादीत घाला. यादी किती मोठी झाली ते छापा. ४१२ नसेल तर येथेच थांबा. यादी आतील वेळेच्या क्रमाने लावा, वेळ एकच असेल तर जुन्या नावाच्या क्रमाने. प्रत्येकाला एकपासून क्रमांक द्या आणि तो तीन घरांत लिहा, म्हणजे १ च्या जागी ००१. कारण यंत्र नावांची तुलना अक्षराअक्षराने करते, आणि शून्ये न घातल्यास १ च्या पाठोपाठ १०, मग १०० आणि बऱ्याच वेळाने २ येतो. जुने नाव आणि नवे नाव एका ओळीत छापा. आणि येथे पूर्णविराम! नाव बदलण्याची ओळ लिहावयाची, पण तिच्या आरंभी शेऱ्याचे चिन्ह घालून ती निद्रिस्त ठेवावयाची. चारशे बारा ओळींची फेरिस्त पडद्यावर आली की ती चहा घेत घेत वाचावी. मी वाचली, १२९ आणि १३० या क्रमांकांपाशी जुनी नावे ९९९९ आणि ०००१ अशी लगत आलेली पाहिली, आणि मगच ती ओळ जागी केली. तीही नाव बदलण्याची नव्हे. मूळ फाइलला हात न लावता नव्या फोल्डरात नव्या नावाने नक्कल करण्याची. डिस्कवरची जागा आज स्वस्त आहे, आजोबांच्या वह्या पुन्हा व्हावयाच्या नाहीत.

या कामासाठी तयार अॅपे मिळतात, आणि ज्यांना वर्षातून एकदाच असे काम पडते त्यांनी ती खुशाल वापरावीत. पण त्यांना मराठी नावांची नस ठाऊक नसते. नकला झाल्यावर मला काही पानांच्या नावांत गावे घालावीशी वाटली, कारण आजोबांचा गुळाचा व्यापार कऱ्हाडशी होता. काही नावे मी लिहिली, काही भाचीने फोनवर लिहून पाठविली. पुढे कऱ्हाड शोधावयास सांगितले तर स्क्रिप्टला माझीच पाने सापडली, भाचीची एकही नाही. आणि डोळ्यांना तर दोन्ही कऱ्हाड तंतोतंत सारखी! मुळात जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो : एका कीबोर्डात तो खाली टिंब असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून बनतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसण्यात अद्वैत, यंत्राच्या लेखी शुद्ध द्वैत. दुसऱ्या प्रकारच्या जागी पहिला घाला, अशी एक ओळ वाढविली आणि दोन्ही गावे एक झाली. ज्यांच्या फायलींत सातबाऱ्याचे उतारे, तऱ्हेतऱ्हेचे करार किंवा नुसत्या पुऱ्यांच्या पाककृती आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अंकांचेही तसेच. काही नावांत देवनागरी अंक आणि काहींत इंग्रजी असले तर पायथनच्या साध्या क्रमवारीत इंग्रजी अंक सर्वांच्या आधी येतात आणि देवनागरी अंक मराठी अक्षरांच्याही मागे जातात. गंमत अशी की देवनागरीत लिहिलेल्या संख्येचे मोल पायथनला बरोबर कळते, बेरीजही तो करतो; क्रम लावताना मात्र त्याला मोल दिसत नाही, केवळ चिन्ह दिसते. एका फोल्डरात एकच प्रकार ठेवावा हे उत्तम. आणि ज्यांना नावातच संपूर्ण कैफियत लिहिण्याची हौस आहे त्यांच्यासाठी एक मर्यादा : लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत नाव २५५ बाइटांपुढे जात नाही, देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त हे प्रत्येकी तीन बाइट खातात, म्हणजे सारी मिळून ८५ चिन्हे, आणि त्यातच टिंब व जेपीजी यांनाही जागा करून द्यावयाची असते.

पुढील लेखांकात हाच हुकूम फोल्डराच्या पोटातील फोल्डरांवर कसा चालवावा ते पाहावयाचे आहे. तोवर वाचकांनी, ज्या हरवल्या तरी चालतील अशा दहा फायलींच्या नकला एका वेगळ्या फोल्डरात काढून ठेवाव्यात, आणि त्या दहाच आहेत हे मोजून कागदावर लिहून ठेवावे.