जुन्या मोटारीचा कलरोधक दांडा

म्हैसूर शहरालगतची चामुंडी टेकडी भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. पायऱ्या चढणारा भाविक बऱ्याच सरळ वाटेने देवळापाशी पोहोचतो. मोटारीला मात्र वळणावळणाच्या रस्त्याने जावे लागते. माणसांनी भरलेली एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी हा रस्ता उतरू लागली की प्रत्येक वळणावर ती बाहेरच्या बाजूस कलते व मागे बसलेली मंडळी एकमेकांवर रेलतात. अशा वेळी मालकाच्या मनात येते की, पुढच्या चाकांमधील पोलादी दांडा काढून त्याजागी अधिक जाड दांडा बसवावा. कारागीर त्यास ‘स्टॅबिलायझर बार’ म्हणतात. आपण त्यास कलरोधक दांडा म्हणू. हा विचार योग्य आहे काय, हे ठरविण्यापूर्वी दांडा काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

या गाडीचा आणि म्हैसूरचा एक जुना संबंध आहे. म्हैसूर संस्थानचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून १९३० नंतरच्या दशकात मोठी खटपट केली. त्या खटपटीत सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद सहभागी होते. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० व तिचेच रूप असलेली पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. तथापि हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अद्याप धावत आहेत.

गाडी का कलते?

समजा, माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, वेगाने २५ मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले असता आडवे त्वरण ४ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद येते. गाडीला वळणावर ठेवण्यासाठी चाकांनी रस्त्याकडून सुमारे ४९० किलोग्रॅम वजनाइतकी आडवी पकड मिळविली पाहिजे. ही पकड जमिनीलगत मिळते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच असतो. या अंतरामुळे गाडी बाहेरच्या बाजूस उलथू पाहते आणि आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. डाव्या व उजव्या चाकांतील अंतर सव्वा मीटर धरल्यास सुमारे २०० किलोग्रॅम भार असा सरकतो. प्रारंभी दोन्ही बाजूंस ६०० किलोग्रॅम असलेला भार बाहेर ८०० व आत ४०० असा होतो. बाहेरच्या स्प्रिंगा दबतात, आतल्या सैल होतात, आणि गाडी कलते.

दांड्याचे कार्य

कलरोधक दांडा म्हणजे दोन्ही टोकांस काटकोनात वळविलेली पोलादी सळई होय. तिचा मधला भाग रबरी बुशांच्या आधारे सांगाड्याला धरलेला असतो आणि टोके दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आधारांना जोडलेली असतात. अशा स्थिरकारी दांड्याचे पहिले पेटंट कॅनडातील स्टीफन कोलमन यांना १९१९ मध्ये मिळाले.

शाळेत याचा प्रयोग सहज करता येईल. सायकलचा एक जुना आरा घेऊन तो दोन्ही टोकांशी एकाच बाजूस वाकवावा आणि मधला भाग तारेच्या दोन सैल कड्यांत अडकवावा. दोन्ही टोके एकदम उचलली तर आरा कड्यांत नुसता फिरतो. एक टोक खाली धरून दुसरे उचलले तर आऱ्यास पीळ पडतो व तो विरोध करतो. मोटारीत नेमके हेच घडते. दोन्ही चाके एकाच वेळी उंचवट्यावर चढली तर दांडा आड येत नाही. एक चाक वर व दुसरे खाली जाऊ लागले की तो पिळला जातो व कल कमी करतो.

चतुर्घाताचा नियम

भरीव दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. १६ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरचा दांडा घेतला तर व्यास केवळ आठव्या हिश्श्याने वाढतो, पण ताठपणा ६० टक्क्यांनी वाढतो. २० मिलिमीटरचा घेतल्यास तो जवळजवळ अडीचपट होतो. दांडा पोकळ असून आतील व्यास बाहेरच्या व्यासाच्या निम्मा असेल तर वजन एक चतुर्थांशाने घटते आणि ताठपणा मात्र सोळाव्या हिश्श्यानेच कमी होतो. पिळाला विरोध मुख्यतः बाहेरचा थर करतो, हे त्याचे कारण.

जो भ्रम दूर झाला पाहिजे

दांडा जाड केल्याने गाडी कमी कलते, हे खरे. परंतु वर काढलेला २०० किलोग्रॅमचा भार त्यामुळे जवळजवळ मुळीच कमी होत नाही. त्यातील किती भाग पुढील चाकांच्या जोडीने सोसावा व किती मागील जोडीने, एवढेच दांडा ठरवितो. टायरवरील भार दुप्पट झाला म्हणजे त्याची पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीवर अधिक भार बाजूस सरकतो, त्या जोडीची एकूण पकड प्रथम संपते.

पुढचा दांडा फार ताठ केला तर ओल्या रस्त्यावर सुकाणू फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. मागचा ताठ केला तर गाडीचा मागील भाग बाहेर घसरतो. उतारावर हे अधिक भयंकर, कारण गाडी फिरू लागल्यावर सावरणे सामान्य चालकास साधत नाही. शिवाय ताठ दांड्यामुळे एका चाकाचा खड्ड्यातील हिसका दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. आतले मागील चाक हलके झाले तर ते जागीच गरगरते आणि इंजिनाची ओढ वाया जाते.

निवड कशी करावी?

प्रथम जुने ते नीट करावे. झिजलेली बुशे, सैल सांधे, निकामी शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि कमीजास्त हवेचे टायर हेच पुष्कळदा दोषाचे मूळ असते. बुशे सैल असतील तर दांडा पिळला जाण्याआधीच गाडी बरीच कललेली असते. मग कितीही जाड दांडा घातला तरी तो उशिराच जागा होतो. एवढी दुरुस्ती केल्यावर गाडी समाधानकारक चालली, तर दांडा बदलण्याचे कारणच उरत नाही.

बदलावयाचाच असेल तर मूळ दांड्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा आणि एकच पायरी वर जावे. प्रारंभ पुढच्या दांड्यापासून करावा. दांडा उष्णतासंस्कार केलेल्या स्प्रिंग पोलादाचाच असावा. साधी सळई तेवढाच ताठपणा दाखविते हे खरे. परंतु मोठा पीळ पडल्यावर ती मूळ आकारावर परत येत नाही. वळविलेल्या जागी वेल्डिंग केलेला दांडा कधीही घेऊ नये. तेथूनच तो तुटण्याचा संभव असतो. जुन्या गाडीच्या पत्र्यास गंज चढलेला असतो, म्हणून दांड्याचे आधार जेथे बसतात त्या जागा तपासाव्यात. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून दांडा ब्रेकच्या नळीस किंवा टायरला लागत नाही ना, हेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करणे श्रेयस्कर. नंतर मोकळ्या मैदानात मंद वेगाने, प्रथम एकट्याने व मग पूर्ण भारासह, परीक्षा घ्यावी.

अखेर एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच वळणावर वेग ताशी ३६ वरून २७ किलोमीटर केला, तर आडवी ओढ ४४ टक्क्यांनी कमी होते आणि सरकणारा भारही त्याच प्रमाणात घटतो. कोणताही दांडा हे करू शकत नाही. दांडा भाराची वाटणी करतो. भार कमी करणे चालकाच्याच हाती असते. टेकडी उतरणाऱ्या कुटुंबाची सुरक्षितता प्रथम त्या पायावर अवलंबून आहे, जो वळण येण्यापूर्वी ब्रेकवर पडतो.